हिरवी माती की गुलाबी? आधी पाण्यात टाकून बघा

पत्र थोडक्यात : तिशीतल्या एक वाचक लिहितात, 'माझं कपाळ आणि नाक दुपारपर्यंत तेलाने चमकायला लागतं, म्हणून माझी त्वचा तेलकट असं मी धरून चालले. तेलकट त्वचेला सगळ्यांत जोरदार माती हवी असं वाचलं आणि बेंटोनाइट आणलं. ॲपल सायडर व्हिनेगरमध्ये कालवून आठवड्यातून तीनदा लावते, पंचवीस मिनिटं, पार तडे जाईपर्यंत. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा होतो आणि स्वच्छ वाटतो. पण महिनाभरात गालांवर लाल चट्टे आलेत, पापुद्रे सुटतात, आणि कपाळ संध्याकाळी होतं तसंच तेलकट. आता पांढरी, हिरवी, गुलाबी आणि मुलतानी अशी आणखी चार पाकिटं आणली आहेत. कुठल्या रंगाची माती कुठल्या त्वचेला, याचा तक्ता दर ठिकाणी वेगळा सापडतो. आईची त्वचा कोरडी आहे, धाकटा भाऊ मुरुमांसाठी ॲडापलीन लावतो. तिघांना चालेल अशी एकच माती सांगाल का?'

उत्तर : मातीकडे नंतर येऊ, आधी तुमचे गाल. पुढचे दोन आठवडे चेहऱ्याला कुठलीच माती लावू नका आणि व्हिनेगर तर पुन्हा कधीच नको. सौम्य फेसवॉश, त्यावर बिनवासाचं दाटसर मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच ठेवा. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर अशी लाली ओसरताना काळपट डाग मागे ठेवते आणि ते महिनोन्‌महिने रेंगाळतात, म्हणून सनस्क्रीनचा कंटाळा करू नका. दोन आठवड्यांत लाली उतरली नाही, आग होत राहिली किंवा चट्ट्यांतून पाणी यायला लागलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे घरगुती उपाय करत बसू नये.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. 'चेहरा ताणल्यासारखा होतो आणि स्वच्छ वाटतो'. हे समीकरण मनातून काढून टाका. त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. पाणी आत राहतं ते या गिलाव्यामुळे. लेप पूर्ण वाळला की माती आकसते, त्वचेला धरून ओढते आणि वरच्या थरातलं पाणी घेऊन जाते. तो ताण म्हणजे त्वचा कोरडी पडल्याची खूण. कपाळावर मुळात तेल भरपूर, ते सोसून घेतं. गालांकडे तेवढी शिल्लक नसते.

त्यात तुमची माती बेंटोनाइट. ती सहसा अल्कधर्मी असते, पीएच (आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) साधारण 8.5 ते 10. निरोगी त्वचेचा पीएच 4.5 ते 5.5 च्या आसपास असतो. हा फरक भरून काढायला म्हणून व्हिनेगर घालायचा सल्ला सगळीकडे फिरतो. पण स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. त्यातलं मातीने किती निष्प्रभ केलं आणि किती त्वचेसाठी उरलं, हे माप दर वेळी बदलतं. घरी ते मोजायची सोय नाही, आणि चुकलं की भोगतात गाल. कालवताना फसफस झाली असेल तर तो काही विषारी द्रव्यं बाहेर पडल्याचा पुरावा नाही. मातीत चुनखडीचा अंश आहे एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसरं गृहीतक, 'तेल जास्त म्हणून माती जोरदार'. तेलग्रंथी किती तेल बनवणार हे मुख्यतः हार्मोन्स ठरवतात. माती पृष्ठभागावर साचलेलं तेल टिपते, ग्रंथीचा नळ बंद करत नाही. म्हणून काही तासांनी कपाळ पुन्हा चमकणारच. ते मातीचं अपयश नव्हे, तिची मर्यादा आहे. छिद्रांचंही तसंच. आत साचलेलं तेल निघाल्यावर ती थोडा वेळ लहान दिसतात, कायमची मिटत नाहीत. साचलेलं तेल असतं थोडंसंच, ते टिपायला आठ-दहा मिनिटं पुरतात. तुमची त्यापुढची पंधरा मिनिटं नुसती नुकसानाची होती.

रंगाचा तक्ता का जुळत नाही

कारण रंगावरून मातीचा गुण ठरतच नाही. रंग बहुतेक वेळा लोहाचा असतो. लोहाचा लाल ऑक्साइड असेल तर माती लाल किंवा गुलाबी, पिवळं संयुग असेल तर पिवळी, लोह स्फटिकाच्या रचनेतच वेगळ्या रूपात अडकलेलं असेल तर हिरवट. चिमूटभर लोहाने मातीची तेल शोषण्याची ताकद फारशी बदलत नाही. बाजारातली गुलाबी माती पुष्कळदा केओलिन, म्हणजे पांढरी मातीच असते, थोडं लाल लोह ऑक्साइड मिसळलेली. गडद निळी किंवा जांभळी दिसली तर घटकांच्या यादीत सीआय 77007 (सीआय म्हणजे रंगाचा क्रमांक) शोधा, तो अल्ट्रामरीन रंग. सीआय 77491 म्हणजे लाल लोह ऑक्साइड, 77492 म्हणजे पिवळं. हे रंग वाईट नाहीत, सौंदर्यप्रसाधनांत ते चालतात. फक्त त्या पाकिटाला पांढऱ्या मातीसारखंच वागवा आणि नाव वेगळं म्हणून जास्त पैसे मोजू नका.

खरा फरक मातीच्या कणांच्या आत आहे. चिकणमातीचे कण पत्त्यांच्या जोडासारखे थरांचे बनलेले असतात. केओलिनमध्ये हे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी मध्ये शिरत नाही, म्हणून ती फुगत नाही. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे थर पाण्यात उघडतात आणि माती फुगते. एक ग्रॅम केओलिनचा पृष्ठभाग साधारण 10 ते 20 चौरस मीटर भरतो. मॉन्टमोरिलोनाइटचा आतल्या थरांसकट मोजला तर 700-800 चौरस मीटरपर्यंत जातो. एक माती गालाला का सोसते आणि दुसरी का ओरबाडते, हे या दोन आकड्यांवरून कळावं.

मुलतानी या दोन टोकांच्या मध्ये बसते, पण बेंटोनाइटच्या बाजूला झुकून. लोकरीतला चिकट मेद काढायला ज्या मात्या पूर्वापार वापरल्या गेल्या, त्या घराण्यातली ही. चरबी ओढणं हाच तिचा धर्म. मात्र खाणीप्रमाणे तिच्यातली खनिजं बदलतात, त्यामुळे एका पाकिटाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. हिरव्या मातीत बहुधा इलाइट हे खनिज असतं, कधी त्यात मॉन्टमोरिलोनाइटची भर असते. तिची ताकद त्या प्रमाणावर ठरते. मोरोक्कोची रसूल माती मॅग्नेशियमवाली आणि फुगणाऱ्या गटातली. कोणी 'मृदू' म्हणून दिली तरी कोरड्या गालांवर जपूनच.

तुमच्याकडे पाच पाकिटं आहेतच, तर हे करून बघा. पाच काचेचे ग्लास, प्रत्येकात अर्धा ग्लास पाणी. प्रत्येकावर एका मातीचा एक सपाट चहाचा चमचा वरून हळूहळू भुरभुरवा, ढवळू नका, रात्रभर ठेवा. सकाळी केओलिन तळाशी साधा गाळ होऊन बसलेली असेल. सोडियम बेंटोनाइट (बेंटोनाइटचा जास्त फुगणारा प्रकार) कितीतरी पट फुगून जेलीसारखं झालेलं दिसेल. मुलतानी आणि हिरवी मध्ये कुठेतरी. ज्या मातीचा थर जितका उंच, ती तितकी तहानलेली आणि गालांपासून तितकी लांब ठेवायची. गुलाबी माती पांढरीसारखीच वागली तर ती केओलिनच आहे असं समजायला हरकत नाही. उरलेलं व्हिनेगर इथे वापरा. कोरड्या मातीच्या चिमटीवर दोन थेंब टाका. जोरात फसफसली तर तिच्यात चुनखडी बरीच आहे, म्हणजे ती अल्कधर्मी. संवेदनशील त्वचेला ती नको.

तुमची त्वचा नक्की कुठली

कपाळ तेलकट आणि गाल कोरडे, म्हणजे मिश्र त्वचा. पण गाल मुळातच कोरडे होते की महिन्याभरात कोरडे केले गेले, हे आत्ता सांगता येणार नाही. म्हणूनही ते दोन आठवडे हवेत. ते संपले की एका सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून कोरडं करा आणि तासभर काहीही लावू नका. मग टिश्यू पेपरचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर वेगवेगळे दाबून उजेडात धरा. जिथे तेलाचा पारदर्शक डाग उमटला तो भाग तेलकट. डाग नाही आणि त्वचा ओढल्यासारखीही वाटत नाही, तो साधारण. डाग नाही आणि ओढतेय, तो कोरडा. चौथी शक्यता फसवी असते. डागही आहे आणि ओढतेयही. अशा त्वचेत तेल आहे पण पाणी कमी आहे. ती तेलकट समजून जोरदार माती लावणारे नेमके तुमच्या वाटेने जातात.

मिश्र त्वचेला दोन मार्ग. पहिला, दोन मात्या दोन जागी : कपाळ, नाक, हनुवटीवर मुलतानी आणि गालांवर केओलिन. दुसरा, तेलकट भागावर माती आणि गालांवर काहीच नाही. माझं मत स्पष्टपणे दुसऱ्याच्या बाजूने आहे. गालांवर टिपायला तेल नसेल तर तिथे मातीचं काम काय? चेहरा एकसारखा माखायलाच हवा हा हट्ट फोटोंमधून आला आहे.

तर तुमच्यासाठी : मुलतानी एक चमचा आणि केओलिन एक चमचा (सगळीकडे चहाचा सपाट चमचा, 5 मिलिलिटरचा), पाणी दीड चमचा, ग्लिसरीन पाव चमचा. फक्त तेलकट भागावर, आठ मिनिटं, आठवड्यातून एकदा. दोन महिने असंच ठेवा. त्यानंतर वाटलंच तर आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही.

संपूर्ण चेहरा तेलकट असणाऱ्यांनी मुलतानी किंवा हिरवी माती दोन चमचे, पाणी दीड ते दोन चमचे घ्यावं. वेळ आठ ते दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा-दोनदा. बेंटोनाइटच हवं असेल तर ते एकटं नको. एक भाग बेंटोनाइटला चार भाग केओलिन मिसळा.

आईंसाठी पहिला प्रश्न असा, की त्यांना लेप हवाय का? कोरड्या त्वचेला मातीची गरज नसते. हौस म्हणून लावायचा असेल तर केओलिन दोन चमचे, पाणी एक चमचा, ग्लिसरीन अर्धा चमचा आणि एखादं साधं तेल चार-पाच थेंब. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, त्यामुळे लेप वाळायला वेळ लागतो, आणि तेलाचे थेंब आधीच मातीत मुरल्याने ती त्वचेकडचं तेल कमी ओढते. पाच मिनिटं, पंधरा दिवसांतून एकदा. हवा कोरडी असेल त्या दिवसांत तेही सोडून द्यावं.

त्वचा संवेदनशील असेल, म्हणजे नवीन काही लावलं की चुरचुरते, तर फक्त केओलिन आणि पाणी. गुलाबपाणीसुद्धा नको, कारण त्यात बऱ्याचदा सुगंधी द्रव्य घातलेलं असतं. आधी कानाच्या खाली जबड्याच्या कडेला रुपयाएवढ्या जागेवर पाच मिनिटं लावून धुवा आणि दोन दिवस वाट बघा. एक्झिमा किंवा रोझेशिया (चेहरा लाल होण्याचा त्वचाविकार) उफाळलेला असेल, उन्हाने त्वचा भाजली असेल किंवा नुकतंच वॅक्सिंग झालं असेल तर कुठलीच माती नको. उघड्या जखमेवर तर कधीच नाही. माती जमिनीतून येते आणि धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणूही मातीतच राहतात.

भावाचं वेगळं आहे. ॲडापलीन सुरुवातीच्या आठवड्यांत त्वचा कोरडी आणि हळवी करतं. त्यावर माती म्हणजे भाजलेल्या जागी मीठ. औषध सुरू होऊन त्वचा रुळेपर्यंत, साधारण दोन-तीन महिने, लेप टाळलेला बरा. पुढे हवाच असेल तर डॉक्टरांना विचारून, केओलिनचा, पाच मिनिटं, आणि त्या रात्री औषध लावायचं की नाही तेही त्यांनाच विचारून. ट्रेटिनॉइन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड ही मुरुमांवरची औषधं वापरणाऱ्यांनाही हेच लागू. माती तेल कमी करते, मुरूम बरे करत नाही. खोलवरच्या दुखऱ्या गाठी असतील तर तिचा काही उपयोग नाही, आणि धुताना घासलं तर त्या चिघळतात.

कालवणं, लावणं, काढणं

इथेच बहुतेकांचं बिघडतं. पाणी उकळून गार केलेलं घ्या. केओलिनला कमी लागतं, दोन चमचे मातीला एक ते दीड चमचा. बेंटोनाइटला एका चमच्यामागे तीन चमचे तरी लागतात. केओलिनचं माप बेंटोनाइटला लावलं की गोळा होतो, आणि बेंटोनाइटचं माप केओलिनला लावलं की लेप गळ्यावरून ओघळतो. फुगणाऱ्या मातीवर पाणी ओतू नका. बाहेरून चिकट साल धरते, आत कोरडी पूड राहते आणि गुठळ्या मोडता मोडत नाहीत. पाण्यावर माती भुरभुरवा, दहा मिनिटं तशीच ठेवा, मग ढवळा. किंवा ग्लिसरीनमध्ये माती आधी कालवून मग पाणी घाला. स्टीलचा चमचा चालतो. धातू लागला की मातीची शक्ती जाते, या समजुतीत तथ्य नाही, दोन मिनिटांत काही होत नाही. लिंबाचा रस मात्र घालू नका. त्याचा पीएच 2 ते 2.5 असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचेवर डाग उठू शकतात. खाण्याचा सोडा उलट्या बाजूने तितकाच त्रासदायक.

थर एक ते दोन मिलिमीटर द्या. काटकसर करून पातळ फासला तर तीन मिनिटांत वाळतो आणि तुम्ही घड्याळाकडे बघत बसता. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला बोटभर जागा सोडा. लेप काढायची वेळ मिनिटांवरून ठरवू नका, बोटाने ठरवा. कडा फिकट पडू लागल्या, पण मध्ये बोट लावलं तर चिकटसर लागतंय आणि ठसा उमटतोय, तीच वेळ. मी दिलेली मिनिटं ही वरची मर्यादा. पंख्याखाली किंवा एसीत लेप त्याआधीच वाळेल. कुठे आधी वाळायला लागला तर ओल्या बोटाने भिजवा. मधेच जळजळ झाली तर 'काम करतंय' असं समजू नका, लगेच धुवा.

काढताना कोमट पाण्यात भिजवलेला मऊ रुमाल चेहऱ्यावर मिनिटभर ठेवा. लेप मऊ झाला की हलकेच पुसून घ्या, मग पाणी. वाळलेली माती घासून काढणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. शेवटी टिपून घ्या आणि त्वचा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा. त्या दिवशी स्क्रब किंवा ॲसिडवालं सीरम नको.

तयार लेप उरला तर ठेवू नका, फ्रीजमध्येही नाही. पाणी लागलं की त्यात जंतू वाढतात, आणि घरच्या लेपात त्यांना रोखणारं काही नसतं. कोरड्या मात्यांचं मिश्रण मात्र करून ठेवता येतं. बरणीत ओला चमचा घालायचा नाही, एवढं पाळा. पूड ओतताना ढग उडवू नका आणि तो श्वासात घेऊ नका, तिच्यात बारीक सिलिका असू शकते.

पुढच्या वेळी विकत घेताना रंगाचं नाव सोडून घटकांची यादी वाचा. केओलिन, बेंटोनाइट, मॉन्टमोरिलोनाइट किंवा इलाइट असं खनिजाचं नाव हवं. सोलम फुलोनम लिहिलं असेल तर ती मुलतानीच्या जातीची माती. सौंदर्यप्रसाधनासाठी म्हणून विकलेली आणि शिसं, आर्सेनिक यांची तपासणी झालेली असावी. मातीत हे धातू निसर्गतःच थोडे असतात, म्हणून कुठलीही माती पोटात घेऊ नये. पूड 325 मेशची, म्हणजे साधारण 44 मायक्रॉनपेक्षा बारीक, असेल तर उत्तम. आकडा छापलेला नसेल तर ओली चिमूट दोन बोटांत चोळा. खरखर लागली तर त्यात वाळू आहे, ती चेहऱ्यावर नको.

आणि तुम्ही विचारलेली 'एकच माती'? एकच पाकीट ठेवायचं ठरलं तर पांढरी केओलिन. तुमच्या कपाळावर ती मुलतानीपेक्षा कमी तेल टिपेल, आईंच्या गालांना ग्लिसरीनसोबत सोसेल, आणि भावाला डॉक्टरांनी हो म्हटलं तर त्यालाही तीच. मुलतानी फक्त तुमच्यासाठी बाजूला ठेवा. बेंटोनाइट उरेल ते केओलिनमध्ये एकास चार मिसळून घरात कोणाची त्वचा खरोखर सगळीकडे तेलकट असेल त्याला द्या. तसं कोणी नसेल तर पाकीट कोरडंच कचऱ्यात टाका, बेसिनमध्ये ओतू नका. पाइपात फुगून बसलं की ते काढणं अवघड जातं.